योशी टॉप्सी-टर्वी: वाकवून खेळायची कॅसेट मुंबईत घेताना, तपासताना आणि खेळताना

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या गेम यंत्रावरचा हा प्लॅटफॉर्म गेम (उड्या मारत पुढे जायचा खेळ) आर्टून कंपनीने बनवला आणि निन्टेंडोने काढला. जपानात तो २००४ च्या डिसेंबरात आला, युरोपात आणि अमेरिकेत २००५ मध्ये. युरोपातल्या डब्यावर नाव ‘योशीज युनिव्हर्सल ग्रॅव्हिटेशन’ असं आहे, अमेरिकेतल्या डब्यावर ‘योशी टॉप्सी-टर्वी’. खेळ तोच. योशी नावाच्या डायनासोरचं बेट एका पुस्तकात बंद झालंय, आणि हातातलं यंत्र डावीकडे-उजवीकडे वाकवलं की पडद्यावरचं सगळं जग कलतं. भिंतीचा चढ होतो, गोळे घरंगळतात, झोके हलतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: झुकाव ओळखणारा सेन्सर यंत्रात नाही, कॅसेटमध्ये आहे. यंत्र कोणतं घ्यायचं, नकली माल कसा पकडायचा, खेळ मध्येच का गोठतो, मेट्रोत योशी आपोआप का घसरतो, या सगळ्याचं उत्तर तिथेच सापडतं.

१. आधी यंत्र ठरवा, मग कॅसेट

उलट क्रमाने खरेदी करणारे फसतात. पर्याय असे:

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स (२००१): दोन एए सेलवर चालतो, कॅसेट वरच्या बाजूला बसते, हातात धरायला रुंद. वाकवून खेळायला सगळ्यात आरामशीर यंत्र हेच. पण पडद्याला स्वतःचा उजेड नाही. साध्या गेमला त्याने फारसं बिघडत नाही, इथे मात्र बिघडतं, कारण यंत्र कललं की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडद्यावरून सरकत जातं आणि नेमका उडी मारायच्या क्षणी पडदा काळा किंवा पांढराफटक दिसतो. उजेडाचा नवा पडदा बसवलेलं यंत्र मिळालं तर प्रश्नच मिटतो. मूळ पडदाच असेल तर उजेड डोक्यामागून, वरून येईल असं बसा. समोर खिडकी नको.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी (२००३): घडी होतो, चार्ज होतो, पडद्याला उजेड आहे. नवशिक्याने हाच घ्यावा. यात दोन प्रकार येतात, एजीएस-००१ आणि नंतरचा एजीएस-१०१. नंबर मागच्या स्टिकरवर असतो. स्टिकर फाटला असेल तर पडद्याखालचं उजेडाचं बटण दाबा. ००१ मध्ये उजेड पूर्ण बंद होतो. १०१ मध्ये तो कमी-जास्त होतो, बंद होत नाही. दुकानदार १०१ च्या भावात ००१ विकायला बघतात, तेव्हा हे बटण दाबल्याशिवाय पैसे काढू नका. हेडफोनचं भोक एसपीला नाही, अडॅप्टर लागतो.

डीएस आणि डीएस लाइट (निन्टेंडोचीच नंतरची हातातली यंत्रं): दोन्हींत गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची खाच आहे, नंतरच्या डीएसआयमध्ये ती काढून टाकली. आधीच घरात डीएस लाइट असेल तर कॅसेट लावून बघा. या खेळासाठी मुद्दाम विकत घेऊ नका. दोन पडद्यांचं यंत्र तासभर कलवत बसणं मनगटाला जड जातं.

गेमक्यूबला (निन्टेंडोचं टीव्हीवर खेळायचं यंत्र) जोडायचा गेम बॉय प्लेअर या खेळाला निरुपयोगी आहे. कॅसेट गेमक्यूबच्या पोटात असते, म्हणजे वाकवायचा तर अख्खा गेमक्यूब वाकवावा लागेल.

आणि बाजारात ‘चारशे गेम इनबिल्ट’ म्हणून मिळणारी चिनी हँडहेल्ड. यादीत योशीचं नाव दिसतं, खेळ सुरूही होतो, पण झुकाव कळवायला सेन्सरच नसेल तर पहिल्याच चढाशी अडकून पडतो. फ्लॅश कार्टचंही (फाइल चढवून खेळायची रिकामी कॅसेट) तेच: खेळाची फाइल चढते, सेन्सर चढत नाही.

२. काय काय जवळ हवं

- आपलं स्वतःचं, चालू असलेलं यंत्र. दुकानात जाताना ते बरोबर न्या, दुकानदाराच्या यंत्रावर विसंबू नका.
- ताजे एए सेल (एसपी असेल तर पूर्ण चार्ज). १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेलही चालतात.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के. लॅमिंग्टन रोडवर ‘आयपीए’ म्हणून मागा.
- कापसाच्या काड्या, चांगल्या घट्ट कापसाच्या.
- कॅसेट उघडायची वेळ आली तर तीन पात्यांचा ‘वाय’ स्क्रूड्रायव्हर. मोबाइल दुरुस्तीच्या किटमधला वाय बिट फार बारीक असतो, तो स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. मोठ्या मापाचा वेगळा मागा.
- फोनचा टॉर्च आणि मॅग्निफायर.
- दुकानातून घेताना हातानं लिहिलेलं का होईना, बिल: वस्तूचं पूर्ण नाव, ‘ओरिजिनल’ हा शब्द आणि चेकिंग वॉरंटीचे (घरी तपासून परत करता येण्याचे) दिवस. परदेशातून मागवताना आधार किंवा पॅनची प्रत आणि विक्रेत्याचं इन्व्हॉइस.

जपानहून आलेल्या एसपीबरोबर तिथलाच चार्जर असतो. तो १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये नुसती पिन बदलून लावला तर जळतो, कधी यंत्रालाही घेऊन जातो. यूएसबीवरून एसपी चार्ज करणारी केबल स्वस्त मिळते, ती घ्या.

३. मुंबईत शोधायचं कुठे

लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं. सुटे भाग, आयपीए, स्क्रूड्रायव्हर आणि जुनी यंत्रं दुरुस्त करणारे कारागीर यांच्यासाठी हा रस्ता. कॅसेट इथे सहज मिळेल असं नाही, पण ‘अमुक आली तर कळवा’ म्हणून नंबर देऊन ठेवायला जागा चांगली. रविवारी बहुतेक दुकानं बंद.

चोर बाजार, मटन स्ट्रीट. नेहमीची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावर जुना बाजार भरतो, अगदी पहाटे. तिथे कॅसेट ढिगातून निघते, भाव तोंडाला येईल तो सांगतात, आणि तपासायला मिळालं तर नशीब. यंत्र खिशात असेल तरच जा.

हाजी अलीचं हिरा पन्ना: गेमिंगचा माल येतो, घासाघीस अपेक्षित असते, सांगितलेल्या भावाला लगेच होकार देऊ नका.

ऑनलाइन सेकंड हँड: विक्रेता मुंबईतलाच असेल तर स्टेशनच्या वर्दळीच्या जागी भेटा आणि यंत्रात लावून बघूनच पैसे द्या. आगाऊ रक्कम देऊ नका, आणि ‘पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्याला तिथेच सोडा. पैसे घेण्यासाठी कधीच स्कॅन करावं लागत नाही.

भाव किती असावा? मागितलेले भाव बघून अंदाज बांधू नका. ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा, तोच खरा भाव. डब्यासकट आणि नुसती कॅसेट यांच्या किमतीत मोठा फरक असतो. खेळायचंच असेल तर डब्याचे पैसे कशाला मोजायचे?

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला देशाचं कुलूप नाही, त्यामुळे कोणत्याही देशाची कॅसेट कोणत्याही यंत्रावर चालते. तरी जपानी कॅसेट स्वस्तात दिसली म्हणून उचलू नका. या खेळात प्रत्येक टप्प्याची अट वाचावी लागते, आणि ती जपानीत असते.

४. कॅसेट तपासणे (घाई इथे करायची नाही)

*आधी डोळ्यांनी*

लेबलच्या कोपऱ्यातला कोड वाचा. अमेरिकन कॅसेटवर ‘एजीबी-केवायजीई-यूएसए’ असतं. युरोपच्या कॅसेटवर मधला गट ‘केवायजीपी’, जपानच्या कॅसेटवर ‘केवायजीजे’. दुसऱ्याच गेमचा कोड असेल तर लेबल चिकटवलेलं आहे.

लेबल टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरा. अस्सल लेबलवर दोन आकड्यांचा ठसा दाबलेला असतो. शाई नसते, नुसता खोलगटपणा असतो, त्यामुळे समोरून दिसत नाही, तिरप्या उजेडातच उमटतो. तो नसेल तर संशय घ्या.

मग कॅसेटच्या तोंडातून आत बघा. सोनेरी पिनांच्या अगदी वर, सर्किट बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसायला हवं. नकली बोर्डावर तिथे मोकळी जागा असते किंवा काळा चिकट ठिपका डोकावतो.

विक्रेता ‘सेव्हची बॅटरी नवी टाकलीय’ म्हणाला तर कान टवकारा. हा खेळ ईईप्रॉम चिपवर सेव्ह होतो. त्याला बॅटरीच लागत नाही. बॅटरी असेल तर बोर्ड दुसरा आहे, आणि बोर्ड दुसरा म्हणजे सेन्सर नाही.

*मग हातांनी*

१) यंत्र बंद असताना कॅसेट लावा, पूर्ण आत. मग सुरू करा.

२) सेन्सर जुळवून घ्यायचा पडदा आला तर यंत्र सपाट आणि स्थिर धरून त्यावर सांगितलं तसं करा. दुकानाच्या काउंटरच्या काचेवर भरवसा नको, त्या सपाट असतातच असं नाही. फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप ठेवून बघा.

३) खेळात शिरा. यंत्र सरळ धरल्यावर जग स्थिर राहायला हवं. बारीक थरथर चालेल, एका बाजूला सतत ओढ नको.

४) डावी कड खाली करा. सावकाश दहा अंक मोजेपर्यंत तसंच धरा. जग कलून तिथेच थांबायला हवं. मध्येच उसळी मारून परत येत असेल तर पिना मळल्यात किंवा सेन्सर थकलाय.

५) आता उजवी कड तेवढीच खाली. दोन्ही बाजूंना सारखाच कल येतोय का? एका बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला कमी, असं असेल तर सेन्सर पुन्हा जुळवून बघा. तरी फरक राहिला तर कॅसेट परत द्या.

६) यंत्र कलवलेलं ठेवूनच कॅसेटला बोटाने हलकी टिचकी मारा. खेळ गोठला किंवा काळा झाला तर दोष पकडीचा आहे. साफ करून बहुधा सुटतो, पण भाव पाडून घ्यायला हे कारण पुरेसं आहे.

७) थोडं खेळून सेव्ह करा, यंत्र बंद करा, कॅसेट काढा, परत लावा, सेव्ह बघा. हे न करता निघू नका.

जग अजिबात कलतच नसेल आणि बाकी सगळं झकास चालत असेल, तर ती कॉपी आहे. साध्या बोर्डवर चढवलेली फाइल. दुकानदार ‘सेटिंग करावं लागतं साहेब’ म्हणेल. असं कोणतंही सेटिंग नाही.

५. परदेशातून मागवत असाल तर

कुरियर कंपनी केवायसी मागते. आधार किंवा पॅन वेळेत अपलोड केलं नाही तर पार्सल कस्टम्सकडे पडून राहतं. टपालाने येणारं पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून जातं आणि ड्युटी लागली तर पोस्टमन दारात घेतो. विक्रेत्याला इन्व्हॉइसवर खरी किंमत लिहायला सांगा. ‘गिफ्ट’ लिहून शून्य किंमत टाकली की उलट तपासणी वाढते. ड्युटीचा दर अधूनमधून बदलतो, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचा दर बघून एकूण खर्च काढा. वापरलेल्या मालाच्या आयातीवर बंधनं आहेत आणि पार्सल अडकू शकतं, हा धोका धरूनच पैसे घाला. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा.

६. साफसफाई

फुंकर मारायची जुनी सवय सोडा. फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात, आणि मुंबईच्या दमट हवेत पिनांवर हिरवट थर चढायला तेवढं पुरतं.

कापसाची काडी आयपीएत बुडवा आणि बाटलीच्या कडेला दाबून निथळून घ्या. पिनांच्या लांबीच्या दिशेने, बाहेरून आत, हलक्या हाताने फिरवा. काडी काळी होईल. दुसरी घ्या. काडी स्वच्छ निघेपर्यंत चालू ठेवा, मग कोरड्या काडीने एकदा फिरवून दहा मिनिटं तशीच ठेवा. ओली असताना यंत्रात घालायची नाही. यंत्राच्या खाचेसाठी वेगळी भानगड नको: साफ केलेली कॅसेट चार-पाच वेळा आत-बाहेर करा आणि पिना पुन्हा पुसा.

काय वापरू नये: सॅनिटायझर (त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो), तेलकट गंजरोधक स्प्रे, सँडपेपर, अत्तर. खोडरबराने पिना चकचकीत होतात खऱ्या, पण सोन्याचा मुलामाही त्याच्याबरोबर जातो.

कॅसेट उघडायची गरज सहसा पडत नाही. उघडलीच तर एकच वाय स्क्रू असतो. सेन्सरच्या चिपला हात लावू नका, हॉट एअर गन त्याच्या जवळ नेऊ नका. आणि कॅसेट कधीही फरशीवर पाडू नका. साधी कॅसेट पडली तरी चालते, इथे आत नाजूक मोजमाप करणारा भाग आहे.

७. यंत्र धरायचं कसं

नव्वद टक्के वैताग इथला असतो, आणि दोष बिचाऱ्या सेन्सरवर जातो.

योशीचा खेळ फक्त आडव्या अक्षावरचा झुकाव वाचतो. सोप्या भाषेत: यंत्राची डावी कड उजव्या कडेपेक्षा किती खाली किंवा वर आहे, एवढंच त्याला कळतं. पडदा तुमच्याकडे किती कललाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

यंत्र मांडीवर आडवं, पडदा छताकडे, असं ठेवून स्टिअरिंग फिरवल्यासारखं फिरवलं तर काय होईल? काहीच नाही. दोन्ही कडा तेवढ्याच उंचीवर राहिल्या. पडदा उभा धरून तीच हालचाल केली तर पूर्ण कल मिळतो. मधल्या ४५ अंशांच्या स्थितीत त्या हालचालीचा परिणाम साधारण सत्तर टक्के उरतो, म्हणून जास्त फिरवावं लागतं आणि मनगट दुखतं. तेव्हा फिरवण्याचा विचार डोक्यातून काढा, ‘एक कड खाली, दुसरी वर’ एवढंच मनात ठेवा. कसंही धरलं तरी ते लागू पडतं.

कोपरं बरगड्यांना टेकवा. कल मनगटातून द्या, खांद्यातून नको. एक मनगट खाली जाताना दुसरं वर यायला हवं, म्हणजे पडद्याचा मध्य जागेवर राहतो. एकच हात हलवला तर सगळं यंत्र बाजूला सरकतं, आणि ते सरकणंही सेन्सरला झुकावासारखंच दिसतं. त्याला गुरुत्वाकर्षण आणि धक्का यांतला फरक ओळखता येत नाही. झटका मारलात तर जग आधी भलतीकडे उडी घेतं, मग योग्य बाजूला कलतं.

बसण्याची जागा बदलली, सोफ्यावरून खुर्चीवर आलात, कुशीवर आडवे झालात, तर पुन्हा सरळ स्थिती शोधा. कुशीवर पडून हा खेळ होत नाही, तो नाद सोडा.

एसपीबद्दल एक खुलासा. गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये कॅसेट वरून बसते, एसपीत खालून, म्हणजे सेन्सर १८० अंशांत फिरलेला असतो. योशीचा खेळ एसपीच्या काळातलाच असल्याने एसपीवर खेळता येतो. यंत्र बदललंत की पहिल्यांदा डावी कड खाली करून जग कुठे कलतंय ते बघा. पण याच्या आधीचा, वाकवूनच खेळायचा निन्टेंडोचा ‘कर्बी टिल्ट अँड टंबल’ (गेम बॉय कलर; जपानात २०००, अमेरिकेत २००१, गुलाबी पारदर्शक कॅसेट) एसपीत घातला तर सगळ्या दिशा उलट्या होतात. कर्बी खेळायचा तर गेम बॉय कलर किंवा साधा अ‍ॅडव्हान्स घ्या. कर्बी मात्र दोन्ही अक्ष वाचतो, त्यामुळे पुढे-मागे कलही सांभाळावा लागतो. जुन्या मालाच्या मागे लागायचंच नसेल, तर २०२३ पासून कर्बी निन्टेंडो स्विच ऑनलाइनच्या गेम बॉय संग्रहात आहे आणि तिथे स्विचचाच सेन्सर चालतो.

८. पहिले टप्पे खेळताना

ए बटणाने उडी, बी बटणाने जीभ. हे सगळ्यांना जमतं. अडतं ते क्रमात.

आधी कल, मग थांबा, मग उडी. नवशिके हवेत असताना यंत्र कलवतात. योशी खाली येईपर्यंत जमीन दुसरीकडे गेलेली असते. कलवून जग स्थिरावू द्या, गोळा किंवा झोका कुठे येऊन थांबतो ते बघा आणि मग बटण दाबा. झोक्यावर एकदम पूर्ण कल देऊ नका. छोट्या-छोट्या कलांनी, त्याच्या लयीत वाढवत न्या: तो डावीकडे चालला की डावी कड थोडी खाली, परत फिरला की उजवी. लयीविरुद्ध कलवलं की झोका मरतो.

भिंत दिसली आणि उडी पोहोचत नाही, तर उड्या मारत बसू नका. ती भिंत कलवून चढ करायची आहे. उभ्या भिंतीचा उतार झाला की योशी सरळ चालत जातो.

टप्प्याच्या सुरुवातीला पुस्तकातला आत्मा अट घालतो: इतकी नाणी, इतकी सफरचंदं, इतके शत्रू किंवा इतक्या वेळात शेवटपर्यंत. ती नीट वाचा आणि खेळताना आकड्यावर लक्ष ठेवा. नाण्यांची अट असताना शत्रूंच्या मागे लागून किंवा वेळेची अट असताना सफरचंदं वेचत बसून टप्पा वाया जातो. शेवटाला पोहोचलात आणि आकडा कमी भरला, तर पुढे सोडत नाहीत.

सलग अर्ध्या तासाच्या वर नवख्याने खेळू नये. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली की यंत्र खाली ठेवा.

९. लोकलमध्ये जमतं, मेट्रोत नाही

मुंबईत खेळायला वेळ मिळतो तो प्रवासातच, म्हणून हे सविस्तर. गाडी वेग घेते तेव्हा सेन्सरला तो झुकाव वाटतो. दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद इतकी साधी वेगवाढ धरली तरी सेन्सरच्या दृष्टीने ते सुमारे ३ अंशांचं कलणं आहे. त्याच्या दुप्पट ब्रेक लागला तर जवळपास ६ अंश.

पण योशी फक्त आडवा अक्ष वाचतो. त्यामुळे गाडीच्या दिशेला तोंड किंवा पाठ करून बसलात, तर गाडी सुटण्या-थांबण्याचा धक्का तुमच्या पुढे-मागे लागतो आणि खेळाला कळत नाही. लोकलच्या समोरासमोरच्या बाकांवर हेच होतं. खिडकीची जागा मिळाली तर उत्तम, चौथी सीट नको, कारण कोपर टेकवायला जागा उरत नाही. मेट्रोत बाकं डब्याच्या लांबीला समांतर असतात. तिथे प्रत्येक ब्रेक थेट आडव्या अक्षावर येतो आणि प्रत्येक स्टेशनाला योशी खड्ड्यात जातो.

लोकलमध्येही दोन वेळा थांबा: गाडी वळणावर असताना, आणि स्टेशनाजवळ रूळ बदलून डबा डावी-उजवीकडे हेलकावतो तेव्हा. तेवढ्यापुरतं स्टार्ट बटण दाबून खेळ रोखून ठेवा. उभ्याने खेळू नका, गर्दीत कोपराचा धक्का लागला की कॅसेट बाहेर आलेली असते. रिक्षा आणि बेस्टच्या बसमध्ये प्रयत्नच करू नका.

१०. पावसाळ्यात ठेवण

जून ते सप्टेंबर कॅसेट यंत्रात ठेवून देऊ नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्या महिन्याभराने बदला. अ‍ॅडव्हान्समधले सेल काढून ठेवा. गळलेला सेल स्प्रिंग खातो. गळलाच तर पांढऱ्या थरावर व्हिनेगरची ओली काडी फिरवा, मग आयपीए. एसपीचं बॅटरीचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंग लगेच थांबवा आणि बॅटरी बदला.

११. बिघडलं तर आधी हे बघा

- खेळ सुरूच होत नाही: पिना साफ करा, कॅसेट पुन्हा पूर्ण दाबून लावा.
- कलवताना गोठतो: कॅसेट खाचेत हलतेय. यंत्र कलवताना बोटं कॅसेटवर टेकवू नका, आणि खाच साफ करा.
- सरळ धरूनही एका बाजूला घसरतो: सेन्सर जुळवताना यंत्र सपाट नव्हतं. सपाट जागी पुन्हा जुळवा.
- दिशा उलट्या: यंत्र बदललंय किंवा कर्बीची कॅसेट एसपीत आहे.
- घरी बरोबर, गाडीत भरकटतो: बिघाड नाही. तोंड फिरवून बसा.
- साफ करूनही दहा अंक मोजेपर्यंत कल टिकत नाही: सेन्सर गेलाय. त्याची सुटी चिप शोधण्यापेक्षा चेकिंग वॉरंटीचे दिवस संपायच्या आत बिल घेऊन दुकान गाठा.